कुस्त्यांच्या शूटिंगसाठी हार्ड डिस्क निवडताना

मी कुस्तीच्या मैदानांचं शूटिंग करतो. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतल्या यात्रांची मैदानं, खासबागेतल्या मोठ्या लढती, अधूनमधून तालमीतला सराव. हे शूटिंग मागायला येतात ते पैलवान, त्यांचे वस्ताद आणि घरची माणसं. एखाद्या पोरानं घिस्सा मारून नावाजलेल्या पैलवानाला चितपट केलेलं असतं आणि चार वर्षांनी त्याचा बाप दारात येऊन विचारतो, "ती कुस्ती हाय का हो तुमच्याकडं?" ती माझ्याकडे असायलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये हार पुन्हा घाला म्हणून सांगता येतं. आखाड्यात तसं कुणाला सांगणार?

गेल्या हंगामाच्या तोंडावर माझा संगणक अडखळायला लागला. जुनी फाइल लावली की मध्येच चित्र थांबायचं आणि आतून टक टक आवाज यायचा. भाचा संगणक दुरुस्तीचं काम करतो. त्यानं येऊन क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते आणि हा प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. निळ्या खुणेच्या जागी पिवळी खूण आली. न वाचता येणारे, पण अजून बाद न ठरवलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाढत चालले होते.

"मामा, ही वर्षभर चालंल, न्हायतर उद्या बसंल," तो म्हणाला. "आधी सगळं बाहेर काढायचं बघा."

तोवर बॅकअप म्हणून त्या त्या वर्षाच्या छोट्या डिस्क आणि डीव्हीडी कपाटात होत्या. पण अलीकडचं शूटिंग त्यांत मावणारं नव्हतं. एकच मोठी एक्स्टर्नल डिस्क आणू आणि विषय संपवू, असं मला आधी वाटलं. निवड करायला बसलो तेव्हा प्रश्न एकेक करून वाढत गेले.

या कामाची मला एवढी ओढ का, ते सांगितलं पाहिजे. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं आणि १९१२ पासून तिथं कुस्त्या होतात. गणपतराव आंदळकर, मारुती माने यांच्या लढती माझ्या पिढीनं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. कोण कुठल्या डावावर गेला, हलगी कशी तापली, लोक फेटे कसे उडवत होते, सगळं ऐकून पाठ आहे. डोळ्यांनी बघायला काही नाही. हे शहर सिनेमाचंही. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा कॅमेरा बनवून मूकपट काढले आणि त्यांतले बहुतेक आज कुठंच शिल्लक नाहीत. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत जळाला. चित्रं गमावणं म्हणजे काय हे या गावाला चांगलं माहीत आहे. माझं काम त्या माणसांच्या पासंगालाही पुरणारं नाही, पण राखायची जबाबदारी तीच आहे.

दुकानात जाण्याआधी हिशेब मांडला. भाच्याचं म्हणणं बरोबर होतं, "किती टीबीची घ्यायची ते मागनं बघू, डेटा किती हाय ते सांगा की." माझा कॅमेरा फोर-के मध्ये सेकंदाला शंभर मेगाबिटनं लिहितो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. मैदान दुपारी सुरू होतं ते रात्री दिव्यांच्या उजेडात संपतं, पण मी लहान गटाच्या कुस्त्या साध्या एचडीत घेतो आणि इनामाच्या मोठ्या जोडी फोर-के मध्ये. तरी एका मैदानाचे शंभर-सव्वाशे जीबी होतातच. जुनं सगळं मिळून २.३ टीबी भरलं आणि पुढच्या एका हंगामाचा एक टीबी धरला. दोन टीबीची डिस्क तिथंच बाद झाली. शिवाय डिस्कवर लिहिलेला आकडा आणि विंडोजमध्ये दिसणारा आकडा वेगळा असतो. बनवणारे एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट धरतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ४ टीबीची डिस्क लावली की ३.६३ दिसतात. यात कुणाची फसवणूक नाही, पण काठावरचा हिशेब करणाऱ्यानं हे धरून चालावं.

खरी फसवणूक दुसरीकडे आहे. ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, दोन-तीन हजारांत दिसते. एका ओळखीच्या फोटोग्राफरनं ती मागवली होती. भाच्यानं उघडून दाखवली. आत एक मेमरी कार्ड चिकटवलेलं होतं. त्यातला प्रोग्रॅम संगणकाला १६ टीबी असं खोटं सांगतो आणि कार्ड भरलं की आधीच्या फाइलींवरच नवीन लिहीत जातो. फाइलींची नावं जागेवर दिसत राहतात, आत काही नसतं. लग्नाचे फोटो अशा वस्तूत ठेवून मूळ कार्ड पुसणारा माणूस माझ्या डोळ्यासमोर आला आणि मला फार वाईट वाटलं. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. त्यांचीच, बिल आणि वॉरंटीसकट, ओळखीच्या दुकानातून घ्यायची असं पक्कं केलं.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानातून मी मेमरी कार्ड घेतो, तिथले दादा गिऱ्हाइकाला वेळ देतात. त्यांनी काउंटरवर तीन प्रकार ठेवले. पहिली साडेतीन इंची, जाडजूड, ८ टीबीची. तिला वेगळा अडॅप्टर लागतो. दुसरी खिशात मावणारी अडीच इंची, यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेणारी. तिसरी एसएसडी. किमतीचा विचार केला तर साडेतीन इंची पहिली. एका टीबीला सगळ्यात कमी पैसे तिलाच पडतात आणि जागाही भरपूर. मी जवळजवळ तीच घेणार होतो. दादांनीच विचारलं, "घर कुठं म्हणालात तुमचं?"

शुक्रवार पेठ. पुराचं पाणी येतं त्या जामदार क्लबपासून लांब नाही.

पुढचं त्यांना सांगायची गरज पडली नाही. कोल्हापुरात राहणारा माणूस पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतच दिवस काढतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०१९ ला आम्ही घरातून निघालो तेव्हा एका खांद्यावर संगणकाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात आईची औषधं. वीज गेलेली, रस्त्यावर पाणी, आणि पुढचे कित्येक दिवस महामार्गही बंद. अशा वेळी अडॅप्टर, वायर आणि विटेएवढी डिस्क कोण गोळा करत बसणार? मी मैदानावर दुसऱ्या गावी असलो तर? तेव्हा बायको ती उचलणार, नाहीतर शेजारचं पोर.

तिथून माझा निवडीचा रोखच बदलला. डिस्क कुठली चांगली, याच्या आधी ती कुठं राहणार, पूर आला तर कोण उचलणार आणि उचलता आली नाही तर काय, हे ठरवायचं. फिरत्या तबकड्यांची साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते, हे मला दादांकडून कळलं. आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क तेवढ्या बंदिस्त असतात. म्हणजे पुराचं पाणी साध्या डिस्कच्या आत जाणार आणि पाण्याबरोबर गाळ. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरून तरंगत असतं. तिथं गाळाचा एक कण पुरे. भिजलेली डिस्क उन्हात वाळवून सुरू करून बघणं म्हणजे उरलेलंही घालवणं. ती तशीच, वीज न देता, डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्यावी लागते. आणि तो खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतो.

दादांनी २०११ ची आठवणही काढली. त्या वर्षी थायलंडमध्ये मोठा पूर आला, वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्यात गेला आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती भडकल्या. इथं राजारामपुरीत गिऱ्हाइकांना समजावता समजावता त्यांची दमछाक झाली होती.

म्हणून ठरलं ते असं: एका मोठ्या डिस्कच्या ऐवजी ४ टीबीच्या दोन अडीच इंची घ्यायच्या. एक घरात, दुसरी पूर पोचणार नाही अशा ठिकाणी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधनं, त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केला. आमच्यासारख्याच कामातून तो आलेला असल्यामुळे मला तो लगेच पटला. दोन्ही डिस्क मी मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या. एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या डिस्क एकाच दोषानं मागेपुढे बंद पडू शकतात. प्रत्येकी साडेदहा हजारांच्या आसपास पडली. ८ टीबीच्या एका डिस्कपेक्षा हे महाग होतं. घरात यावर बोलणं झालं. बायको म्हणाली, "अहो, पुराच्या वेळी आपण काय काय उचललं ते मला आठवतंय. घ्या दोन."

एसएसडीबद्दल थोडं. पडली तरी ती सहसा वाचते, आवाज नाही, वेग कितीतरी जास्त. मैदानावर कार्ड रिकामी करायला माझ्याकडे एक छोटी एसएसडी आहेच. ज्या फळीवर हलगी-घुमक्याचा दणका बसतो तिथं फिरती डिस्क चालू ठेवायची माझी तयारी नाही. पण ४ टीबीच्या एसएसडीला अडीच-तीन पट पैसे लागत होते. दुसरं म्हणजे एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठतो आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू ओसरतो. झिजलेल्या एसएसडीत आणि उष्ण जागी जास्त लवकर. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मला चुंबकीय डिस्कच बरी वाटली.

क्लाउडचा विचारही केला. माझ्या घरच्या इंटरनेटला वर पाठवायचा वेग ४० मेगाबिट धरला, तरी २.३ टीबी चढवायला अखंड पाच दिवसांहून जास्त लागतात, आणि इतकी जागा दर वर्षी पैसे भरून टिकवावी लागते. निवडक कुस्त्या यूट्यूबवर असतात, पण तिथं चित्र दाबून लहान केलेलं असतं. पैलवानाची पकड कुठं सुटली हे त्यात नीट दिसत नाही, आणि वस्तादांना नेमकं तेच बघायचं असतं.

आता ज्या गोष्टीवर दुकानात सगळ्यात जास्त वेळ गेला ती. अडीच इंची मोठ्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा एसएमआर पद्धत असते. जास्त डेटा बसावा म्हणून तबकडीवरचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलून पुन्हा बसवावी लागतात; तसंच मधली फाइल बदलली की डिस्कला शेजारचे ट्रॅकही नव्यानं लिहावे लागतात. जुन्या सीएमआर पद्धतीत ट्रॅक सुटे असतात. २०२० मध्ये नेटवर्कवर सतत चालणाऱ्या काही डिस्कमध्ये ही पद्धत न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि वेस्टर्न डिजिटलला कोणत्या डिस्क तशा आहेत त्याची यादी जाहीर करावी लागली. त्यामुळे एसएमआर हा शब्द ऐकला की लोक बिचकतात. मीही विचारात पडलो. पण माझं काम कसलं आहे? शूटिंग एकदा लिहायचं, मग फक्त वाचायचं. एकामागोमाग एक लिहिताना एसएमआर बऱ्यापैकी चालते. त्याच डिस्कवर एडिटिंग करायचं असतं, तर मी ती घेतली नसती. ज्यांना रोज हजारो छोट्या फाइली बदलायच्या आहेत त्यांनी दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारावा आणि मॉडेल नंबरवरून खात्री करून घ्यावी.

खोक्यावर 'यूएसबी ३.२ जेन १' असं लिहिलेलं होतं. हे जुन्या ३.० चंच नवं नाव, वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत. डिस्क स्वतः सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही, त्यामुळे याहून वरच्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नव्हता. मात्र माझ्या संगणकाची पुढची भोकं यूएसबी २ ची होती. तिथून सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपासच जातं, म्हणजे सगळी कॉपी व्हायला १८ तास. मागच्या निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये तेच काम सहा तासांच्या आत. आणखी एक गोष्ट दादांनी उलटून दाखवली. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जोड थेट आतल्या सर्किटवरच असतो. तो तुटला तर आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला नेहमीच्या साटा वायरीनं लावता येत नाही. म्हणून वायर ओढायची नाही, डिस्क लटकती ठेवायची नाही.

घरी आणल्यावर लगेच डेटा भरला नाही. आधी दोन्ही डिस्क एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमनं काठोकाठ भरून परत वाचून तपासल्या. याला रात्र आणि दिवस गेला, पण सुरुवातीलाच बिघडणारी डिस्क इथंच कळते आणि दुकानात बदलून मिळते. वॉरंटी तीन वर्षांची आहे; ती डिस्क बदलून देते, आतला डेटा नाही. मग विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट ठेवला. एक्सफॅट मॅकवरही लिहिता येतं, पण त्यात चालू असलेल्या बदलांची नोंदवही नसते. लिहिता लिहिता वीज गेली तर गोंधळ होण्याची भीती जास्त, आणि आमच्या पेठेत पावसात वीज जातेच. पुण्याच्या ज्या मित्राकडे एडिटिंगला जातो त्याचा मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. मला तेच हवं होतं.

दुखणाईत डिस्कवरून उतरवताना क्रम महत्त्वाचा. भाच्यानं सांगितलं, "सगळं एकदम ओढू नका, ज्याच्यावाचून चालणार न्हाय ते पैलं." म्हणून ज्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती ती अलीकडची मैदानं आधी. विंडोजमधलंच रोबोकॉपी हे कॉपी करायचं साधन वापरलं. त्यात एखादी फाइल वाचता आली नाही तर दहा लाख वेळा प्रयत्न करण्याची मुळात सोय असते, दर वेळी अर्धा मिनिट थांबून. खराब डिस्कला अशानं मरण यायचं. तो आकडा एकावर आणला. काही फाइली आल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या डीव्हीडींत सापडल्या. एका गावच्या यात्रेतली शेवटची कुस्ती मात्र गेली ती गेली. त्या पैलवानाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, बघितलेली माणसं हाईत अजून." मला मात्र ती अजून खटकते.

नंतर फ्रीफाइलसिंक या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्हीकडच्या फाइली आतल्या मजकुरासकट ताडून बघितल्या. नुसतं नाव आणि आकार जुळवणं पटकन होतं, पण त्यावर माझा भरवसा नाही. कॉपी करण्याच्या पद्धतींत मी 'मिरर' टाळतो, कारण मूळ जागी चुकून पुसलेलं तिकडूनही पुसलं जातं. 'अपडेट' फक्त नवीन आणि बदललेलं पाठवतं. शेवटी डिस्क भाच्याच्या संगणकाला लावून खासबागेतली एक लांबलेली कुस्ती सलामीपासून निकालापर्यंत पूर्ण बघितली. प्रत आहे की नाही हे ती वेगळ्या संगणकावर चालल्याशिवाय मी मानत नाही.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवतो. २०१७ च्या वॉनाक्रायसारखा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, संगणकात शिरला तर जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

दुसरी डिस्क पन्हाळ्यावर आक्काच्या घरी गेली. पाणी तिथं चढणार नाही, पण ढग घरात येतात. श्रावणात भिंतींना ओल असते, कपड्यांना वास येतो. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोरड्या कपाटात. दाजींना सगळं नीट दाखवून ठेवलं. खाली आणली की तासभर खोलीत राहू देतो, मगच संगणकाला जोडतो, म्हणजे आत दव धरलं असेल तर निघून जातं. पासवर्ड घातलेला नाही. माझ्या माघारी पैलवानांना त्यांची कुस्ती मिळायला अडचण नको. ज्यांच्या डिस्कवर बँकेचे कागद किंवा लोकांचे घरगुती फोटो आहेत त्यांनी तो घालावा आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावा.

हंगामात मोठं मैदान झालं की घरची डिस्क त्याच रात्री भरतो. पन्हाळ्याची पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा खाली येते, भरली जाते, तिची तब्येत तपासली जाते. घरच्या डिस्कबद्दल बायकोशी ठरलेलं आहे: बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की ती कागदपत्रांच्या पिशवीत. दोन्ही डिस्कच्या पाठीवर मार्करनं खरेदीची तारीख लिहिली आहे. पाच वर्षं झाली की चालू असली तरी नवीन घ्यायची, जुनी जास्तीची प्रत म्हणून ठेवायची. त्याआधीच जागा संपेल, असं दिसतंय. परवा तालमीतल्या वस्तादांनी जुन्या मैदानांच्या व्हीएचएस कॅसेटींची एक पेटी आणून दिली आहे. बुरशी लागलेल्या कॅसेटी बाजूला काढून, बाकीच्या चालवायला भाचा एक चालू व्हीसीआर शोधतो आहे.